"इंजिनिअर आहेस ना?"

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की घरच्यांच्या लेखी आपण त्याच दिवशी इंजिनिअर होतो. पंखा बंद? बोलवा त्याला! एम-थ्री सुटता सुटत नाही, हे त्यांना कोण सांगणार...

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने असाच एक पेशंट पुढ्यात ठेवला. पीएसपी! सोनीने २००४ साली जपानमध्ये बाजारात आणलेला हातातला गेम. आमच्याकडे मामेभावाकडून वारसाहक्काने आलेला. पलंगावरून पडला आणि स्क्रीनवर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला. दुकानदार म्हणाला, "भंगारात टाका." भाऊ म्हणाला, "दादा, तू करशील." झालं! डिग्रीआधीच व्हायवा.

चालू करून पाहिला. गेमचं म्युझिक वाजत होतं, बटणं दाबली की आवाज बदलत होता, डागाच्या कडेने उजेडही दिसत होता. म्हणजे बोर्ड जिवंत, फक्त काच गेलेली. एलसीडीत दोन काचांमध्ये लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर असतो. काच तडकली की तो विस्कटतो आणि तिथलं चित्र संपतं. बाकी मशीनला त्याचा पत्ताही नसतो!

१०००, २००० आणि ३००० या मॉडेल्सच्या स्क्रीन एकमेकांना चालत नाहीत, म्हणून नंबर बघून नवीन मागवली आणि होस्टेलवर ऑपरेशन मांडलं. आधी बॅटरी बाहेर. काही स्क्रू तर बॅटरीच्या कप्प्यातल्या स्टिकरखाली लपलेले! ईडीच्या जुन्या शीटवर पीएसपीची आकृती काढून प्रत्येक स्क्रू जिथला तिथे टेपने चिकटवला. ईडीचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

स्क्रीनला दोन रिबन केबल असतात. रुंद चित्राची, अरुंद बॅकलाइटची. कनेक्टरची इवलीशी पट्टी नखाने उचलायची, केबल सरळ आत सरकवायची, पट्टी खाली दाबायची. सोल्डरिंग नाही, पण पट्टी तुटली तर सगळंच मुसळ केरात. रूममध्ये चौघं होते, आणि चौघंही चक्क गप्प!

स्विच सरकवला. ४८० गुणिले २७२, म्हणजे १,३०,५६० ठिपके. एकही मेलेला नाही!

संक्रांतीला घरी गेलो. भावाने पीएसपी घेतला, बाजूला ठेवला आणि हात पुढे केला, "जुनी स्क्रीन कुठंय?" खेळायचं सोडून ती उन्हात धरून कितीतरी वेळ बघत बसला. मग म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी मी उघडणार."

तेव्हापासून आईने टीव्हीचा रिमोट लपवून ठेवलाय.