८.२ की ७.७?

मीटरवरचा आकडा थांबायला तयार नव्हता. ६.९, ७.१, ७.०, परत ६.८. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतला माझा तिसरा दिवस, आणि हातात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा प्रोब. सगळे त्याला नुसतं 'डीओ' म्हणतात. पीएच मीटरचं कॅलिब्रेशन मला येत होतं. बफरमध्ये बुडवलं की झालं. इथे मॅडम म्हणाल्या, "पाण्यात नको घालूस, हवेत धर." पाणी मोजायचं यंत्र हवेत का धरायचं, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

उत्तर त्यांनीच समजावलं. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, ते प्रमाण बदलत नाही. पाणी हवेने पूर्ण संपृक्त झालं, की त्यातल्या ऑक्सिजनचा दाब वरच्या दमट हवेतल्याइतकाच असतो. म्हणून बाटलीच्या तळाशी ओला स्पंज, झाकण सैल आणि प्रोब पाण्याला न टेकता अधांतरी.

तरीही आकडा हलतच होता. प्रयोगशाळेतल्या काकांनी प्रोब उजेडात धरून दाखवला. टोकाला टेफ्लॉनचं पातळ मेंब्रेन असतं. त्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, कॅथोडवर खर्ची पडतो आणि त्यामुळे वाहणाऱ्या विजेवरून मीटर आकडा काढतं. त्या मेंब्रेनच्या आत मोहरीएवढा बुडबुडा अडकला होता. मीच टोपी घाईने फिरवली होती. "आधी पोटॅशियम क्लोराइड काठोकाठ भर, टोपीला दोन टिचक्या मार, बुडबुडे वर येऊ देत, मग सावकाश फिरव," काका म्हणाले. तिसऱ्या खेपेला जमलं. मेंब्रेनवर राहिलेला पाण्याचा थेंब टिश्यूने अलगद टिपला, मीटर चालू करून पंधरा मिनिटं थांबले. सोडियम सल्फाइटच्या द्रावणात आकडा शून्याशी आला. आता फक्त मीटरला हवेचा दाब सांगायचा राहिला होता. मोबाइलमधल्या हवामानाच्या ॲपवर १०१० हेक्टोपास्कल दिसत होता, तो घातला. २५ अंशांना ८.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि आकडा जागचा हलेना. मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या मुठा नदीच्या एका घाटावर गेलो. प्रोब पाण्यात सारखा हलवत ठेवावा लागतो, नाहीतर मेंब्रेनपाशी असलेला ऑक्सिजन तोच संपवतो आणि आकडा खाली येतो. वाचन आलं ४.१. मासे जगायला किमान ४ हवा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष मला पाठ होता. शेजारी गळ टाकून बसलेल्या मुलाने विचारलं, "ताई, पाणी चांगलंय का?" मी म्हटलं, "चारच्या वर आहे."

मॅडमचा एक नियम होता: नदीवर गेलं की विंकलरच्या बाटल्याही भरायच्या. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची ही १८८८ सालची पद्धत. बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. आमचा तपकिरी होता, पण फिकट. प्रयोगशाळेत आम्ल घालून तो विरघळवला, स्टार्चने द्रावण निळंशार झालं. मग टायट्रेशन, म्हणजे हायपो (सोडियम थायोसल्फेट) थेंबथेंब सोडत राहिले आणि शेवटी एका थेंबाला निळा रंग गेला. ३.९. दुसऱ्या बाटलीत ३.८.

चूक टायट्रेशनची असणार, असंच मला वाटलं. मॅडमनी उरलेली बाटली स्वतः केली. ३.९. मग त्यांनी विचारलं, "दाब कुठून घेतलास?"

ॲप दाखवतं तो समुद्रसपाटीला आणून ठेवलेला दाब. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. भिंतीवरच्या बॅरोमीटरचा काटा ९५० वर होता. तक्त्यात त्या दाबाला, २५ अंशांना ७.७ यायला हवं; मी मीटरला ८.२ शिकवलं होतं. म्हणजे नदीवरचं प्रत्येक वाचन सहा टक्क्यांनी जास्त.

४.१ वर काट मारून शेजारी ३.९ लिहिलं आणि सही केली. कागद दुरुस्त झाला. त्या मुलाला मात्र मी चारच्या वर आहे असं सांगून आले होते.