पंप लपवायचा कशासाठी?

'दमा' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत सारखाच आहे. फारसीत 'दम' म्हणजे श्वास. त्यावरून झालेला हा शब्द उर्दूत राहिला आणि मराठीतही रुळला. उर्दू शाळेत श्वसनसंस्थेचा पाठ शिकवताना आम्हाला तो मुलांना समजावून सांगावा लागत नाही. पण शब्द माहीत असणे वेगळे आणि आपल्या घरच्या आजाराला तो लावणे वेगळे. मुलगा असेल तर लोक म्हणतात, 'बालदमा आहे, मोठेपणी जाईल.' मुलगी असेल तर तेवढेही म्हणत नाहीत. 'उसे जरा सर्दी रहती है,' एवढ्यावर भागवतात.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीने आम्हाला शाळेच्या दारात थांबवून सांगितले, "टीचर, पंप का नाम किसी के सामने मत लीजिए. कल को बच्ची का रिश्ता कौन लाएगा?" मुलीच्या दप्तरात रुमालात गुंडाळलेला निळा पंप असे. धाप लागली की पाण्याचे निमित्त करून ती जिन्याखाली जाई, पंप ओढून परत येई. खेळाच्या तासाला ती कायम बाकावर.

त्या अम्मीला बोल लावावा असे आम्हाला वाटत नाही. तिला घरात पुष्कळ बोल लागले होते. पोटुशी असताना दही खाल्ले, मुलीला थंड पाण्याने न्हाऊ घातले, असे सास ऐकवत असे. आईच्या माथी दोष मारण्याची ही रीत आपल्याच मोहल्ल्यातली नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला शिकागोचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्झ अलेक्झांडर दम्याला मनाशी जोडत. दमेकऱ्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेले रडणे, असा तो विचार होता आणि पुष्कळ डॉक्टर तो मानत.

संशोधनाने हा दोष पुसून टाकला. १९६४ साली हॉलंडच्या लायडन शहरातील शास्त्रज्ञांनी दाखवले की घरातल्या धुळीत, गाद्या-उशांत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा धूळकिडा अनेकांच्या दम्याला कारण होतो. १९६६ च्या सुमारास अमेरिकेतील डेन्व्हर येथे इशिझाका या जपानी पती-पत्नींनी रक्तातला 'आयजीई' हा घटक शोधला. अ‍ॅलर्जीची साखळी त्याच्यापासून सुरू होते. पुढे १९८० च्या दशकात श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचे तुकडे काढून तपासले गेले. ज्यांचा दमा अगदी सौम्य होता, त्यांच्याही अस्तरात सूज आणि इजा आढळली. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण तो बापाकडूनही येऊ शकतो. दह्याचा आणि आईच्या चुकीचा इथे संबंध नाही.

उपचाराची गोष्टही याच सुजेपाशी येऊन थांबते. बाराव्या शतकात, सुलतान सलाहुद्दीनच्या काळात, मूसा बिन मैमून या यहुदी हकिमाने एका दमेकरी उमरावासाठी अरबीत दम्यावर ग्रंथ लिहिला. खाणे, झोप आणि स्वच्छ हवा यांवर त्याने भर दिला. जादूचे औषध आपल्याजवळ नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आज आठशे वर्षांनंतरही आपले लोक मृगाच्या दिवशी जिवंत मासा गिळायला हैदराबादेत रांग लावतात. त्या माशाचा गुण कोणत्याही शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेला नाही.

तोंडाने ओढायचा पंप १९५६ साली अमेरिकेत आला. १९६९ साली साल्ब्युटामॉल आले. आपल्याकडचा निळा पंप बहुधा याच औषधाचा. आवळलेली नळी तो काही मिनिटांत मोकळी करतो, पण आतली सूज तशीच राहते. सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप १९७२ साली आला. हा रोज घ्यायचा असतो. त्याने लगेच बरे वाटत नाही, म्हणून लोक तो सोडून देतात. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस फेनोटेरॉल या तात्काळ आरामाच्या पंपाबरोबर दम्याचे मृत्यू वाढले होते. कॅनडातील नोंदींवरून २००० साली दिसून आले की स्टिरॉइडचा पंप नियमित घेणाऱ्यांत मृत्यू कमी होतात. फिनलंडने १९९४ पासून दहा वर्षे रोजच्या पंपाची मोहीम राबवली. दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून खाली आले. शेवटी २०१९ साली 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने स्पष्ट सांगितले की प्रौढांनी आणि बारा वर्षांवरील मुलांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये.

आपल्या देशात ही गोष्ट घरोघर पोचलेली नाही. २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी हे सुमारे १३ टक्के. दम्याच्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त.

'पंपाची सवय लागते,' असे आपल्यात सर्रास म्हणतात. साधा हिशोब करू. स्टिरॉइडची एक गोळी ५ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात औषध असते २०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी, म्हणजे गोळीच्या पंचविसाव्या हिश्श्याइतके. तेही थेट छातीत जाते. त्यानंतर खळखळून चूळ भरली म्हणजे झाले. सवय लागते ती श्वास घेण्याची, आणि ती सर्वांनाच आहे.

रोजाचे कारणही पुढे येते. रोजचा पंप बहुधा दोनदाच घ्यायचा असतो. डॉक्टरांना विचारून तो सहरीला आणि इफ्तारनंतर घेता येतो. रोजात धाप लागलीच, तर आजाऱ्याला रोजा पुढे ठेवण्याची सवलत सूरह बकरामध्ये दिलेलीच आहे. जीव घुसमटवून रोजा पाळावा असे त्यात कुठे नाही.

घरातही पाहावे. एका खोलीत सहा माणसे झोपतात, दार बंद आणि उशाशी मच्छर अगरबत्ती. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. जुमेरातचा लोबानही धूरच आहे. मच्छरदाणी लावावी, गोधड्यांना ऊन दाखवावे.

शाळांनीही थोडे शिकावे. केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवले की पाण्याच्या ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, सांधा नीट बंद केला, तर ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. मुलाला ताठ बसवावे. निळ्या पंपाचा एकेक दाब बाटलीत सोडून चार-चार श्वास घेऊ द्यावेत. चार दाबांनंतरही आराम पडला नाही, तर पंप चालू ठेवून मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. अशी बाटली आमच्या शिक्षकखोलीत खडूच्या डब्याशेजारी असते आणि ती कुठे आहे हे सर्व मुलांना माहीत आहे.

आता रिश्त्याचे. आपल्या बिरादरीत मुलीचा चश्मा लपवत नाहीत, पंप लपवतात. लपवून निकाह झाला की सासरी रोजचा पंप पहिल्यांदा बंद होतो, कारण तो कुणाला दिसता कामा नये. ज्या घराला पंपाची लाज वाटते, त्या घरात मध्यरात्री तिचा श्वास कोंडला, तर उठून पंप कोण देणार?