रजेचा अर्ज आणि चेरीचं झाड

जयपूरच्या छावणीत बसून चेरीच्या बहराचा बेत आखणं हा तसा विनोदच आहे. घराबाहेर कडुनिंब आणि बोगनवेल. ऑक्टोबर अर्धा सरला तरी दुपारी पंखा लागतो. पण गेला महिनाभर आमच्याकडे दुसरा विषय नाही.

मूळ मागणी जपानची होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी सीमेवर होतो आणि बायको माहेरी. तेव्हा तिने एका दिवाळी अंकातलं चेरीच्या बहराचं चित्र कापून पत्रातून पाठवलं होतं, मागे फक्त ‘कधी?’ एवढंच लिहून. तिथला बहर मार्चअखेरीचा. आमच्याकडे मार्च म्हणजे परीक्षा, आणि या वेळी तर लेकीची बारावी. शिवाय नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याला परदेशी जायचं तर परवानगीचे कागद महिनोन्‌महिने आधी फिरवावे लागतात. चौघांच्या तिकिटांचा आकडा मी एकदाच पाहिला, परत नाही.

मग मला गढवालमधलं पोस्टिंग आठवलं. नोव्हेंबरात सगळा डोंगर करपलेला, आणि मध्येच एक निष्पर्ण झाड गुलाबी फुलांनी भरलेलं. आमच्या गढवाली जवानांनी नाव सांगितलं, पय्यां. त्यांच्याकडे ते देवाचं झाड. लग्नाच्या मांडवाला त्याच्या फांद्या लागतात. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात जे पद्मकाष्ठ मिळतं, ते याच झाडाचं लाकूड. ही हिमालयातली रानचेरी. जपानी चेरी वसंतात फुलते, ही थंडीच्या तोंडावर. शिलाँगमध्ये ती रस्तोरस्ती आहे, वॉर्ड्‌स लेकच्या काठाने तर आहेच, आणि २०१६ पासून तिथे नोव्हेंबरात चेरी ब्लॉसमचा महोत्सवही होतो.

“म्हणजे अठरा वर्षं ही फुलं आपल्याच देशात होती?” बायको म्हणाली. यावर काय बोलणार!

खडकवासल्याला आम्हाला ‘ॲप्रिसिएशन’ लिहायला शिकवलं: उद्देश, घटक, पर्याय, योजना. सवयीने मी तेच लिहायला बसलो. उद्देश एका ओळीत झाला. घटकांपाशी गाडी अडली, कारण मुख्य घटकाला तारीखच नाही. महोत्सवाची तारीख माणसं ठरवतात, फुलांची थंडी आणि पाऊस. पूर्ण बहर टिकतो आठवडाभर, फार तर थोडा जास्त; मध्ये जोराची सर आली तर तेवढाही नाही.

जपानी लोकांनी याचीसुद्धा पद्धत बसवली आहे. टोकियोसाठी एक नमुन्याचं झाड ठरलेलं आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खात्याचा माणूस बहर सुरू झाल्याचं जाहीर करतो. हे झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे, म्हणजे जपानच्या युद्धांत मेलेल्यांच्या देवळात. हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुढचं काही वाचलं नाही.

शिलाँगला आमचं नमुन्याचं झाड म्हणजे एक निवृत्त सुभेदार साहेब. पूर्वी एका युनिटमध्ये बरोबर होतो, आता हॅपी व्हॅलीजवळ घर बांधून आहेत. फोनवर म्हणाले, “साहब, पहले पत्ता गिरेगा, फिर कली आएगी. कली दिखते ही फोन करूँगा.” कळी दिसल्यापासून फूल येईपर्यंत जो वेळ मिळेल, तेवढीच आमची पूर्वसूचना.

आणि इथे रजेचा प्रश्न येतो. कागदावर वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि २० दिवसांची कॅज्युअल. पण राजस्थानात नोव्हेंबर म्हणजे वाळवंट माणसात येण्याचा महिना. महाजनच्या रेंजवर रणगाडे उतरतात, सराव सुरू होतात, आणि स्टाफवरच्या माणसाने नेमकं तेव्हाच टेबल सोडायचं नसतं. मी वरिष्ठांना विचारलं. ते हसून म्हणाले, “रजा देतो, तारीख सांग.” मी म्हणालो, “सर, झाड सांगेल तेव्हा.” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. सैन्यात असं कारण त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणता आलं असतं. ते मी बरीच वर्षं म्हणत आलो आहे. पण फेब्रुवारीत माझी बदली आहे, फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब मागे. जूनमध्ये लेक हॉस्टेलला. अठरा वर्षांच्या संसारात आम्ही एका छपराखाली किती राहिलो, हे बायकोने एकदा बोटांवर मोजलं. एका हाताची बोटं संपली आणि दुसऱ्याची दोन लागली. चौघांनी एकत्र घालवायचा हा एकच नोव्हेंबर हातात आहे.

लेकीने अभ्यासातून पाच दिवस काढून दिले, मुलाने मात्र अट घातली: नुसती फुलं नाही, कोहिमाही. त्याच्या डोक्यात १९४४ ची लढाई भरली आहे, आणि त्याला मीच कारणीभूत आहे. कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत एक चेरीचं झाड आहे. मूळ झाडावर जपानी नेमबाज बसत. लढाईत ते नष्ट झालं आणि त्याच्याच खोडातून आजचं झाड वाढलं. त्या भागात जपानी सैन्य इथवरच येऊ शकलं. शेजारी टेनिस कोर्टच्या पांढऱ्या रेषा अजून राखल्या आहेत. त्या कोर्टाच्या दोन बाजूंना दोन सैन्यं भिडली होती. १,४२० कबरी आहेत, आणि वरच्या टोकाला, ज्यांना अग्नी दिला त्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक. मार्चमध्ये सांगशाकला ज्यांनी याच जपानी डिव्हिजनला काही दिवस रोखून धरलं, त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. सांगशाक मणिपुरात, ते या खेपेला जमणार नाही.

जपानी कोहिमाला पोचले एप्रिलमध्ये. त्यांच्या गावी तेव्हा चेरी फुललेली, आणि इथल्या रानचेरीचा बहर कधीच उलटून गेलेला. त्या फांद्यांत बसलेल्या पोराने ते झाड ओळखलं असेल का, असं मुलाने विचारलं. झाडावर पानं असतील तर सालीवरून, मी म्हणालो. त्या चकचकीत सालीला आडव्या रेघा असतात.

अर्ज दिला आहे: १२ ते २१ नोव्हेंबर, ‘दोन दिवस मागे-पुढे’ असं पेन्सिलने. जयपूरहून गुवाहाटीपर्यंत विमान, पुढे शिलाँग शंभर किलोमीटर गाडीने. परत गुवाहाटी, रात्रीच्या रेल्वेने दिमापूर, तिथून वर कोहिमा. नागालँडच्या इनर लाइन परमिटसाठी फोटो काढून झाले. कोहिमाचं झाड फुललेलं असेलच असं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

परवा सुभेदार साहेबांचा फोन आला. पानं गळायला लागली आहेत.