भीती लिहायला बंदी नव्हती

१९९९च्या वैशाखात माझं लग्न झालं आणि पाठोपाठ सुट्टी रद्द झाल्याची तार आली. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. सासुरवाडीला पहिल्या धोंड्याची तयारी चालली होती, तेव्हा मी कारगिलच्या लढाईत द्रासमध्ये बोफोर्स तोफेवर होतो.

तिची अंतर्देशीय पत्रं ५६ एपीओच्या पत्त्यावर यायची. फायर थांबला की मी बंकरमध्ये उत्तर लिहायला बसायचो. लढाई संपली की पीस पोस्टिंग मिळेल, फॅमिली क्वार्टर मिळेल, दारात तुळस लावू, संध्याकाळी ड्यूटीवरून आलो की दोघं चहा घेऊ. हे सगळं मनापासून लिहायचो, त्यावरच जगायचो. शेवटी मात्र दर वेळी एकच ओळ असायची : ‘इथे सगळं शांत आहे, काळजी नसावी.’

गावाकडे टीव्हीवर द्रासच्या तोफा दिसत होत्या. ठिकाण लिहायला बंदी होती, भीती लिहायला नव्हती. तरी मी लपवली.

दुसरी चूक त्याहून मोठी. फौजीचं लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. तोफखान्याच्या जवानाची ती नोंद नाशिकरोडच्या रेकॉर्ड ऑफिसात चढते, तेव्हा सरकारदरबारी त्याची बायको दिसते. त्यासाठी लागणारा लग्नाचा दाखला काढायचं मी पुढच्या सुट्टीवर ढकललं. नॉमिनी म्हणून वडिलांचंच नाव राहिलं.

४ जुलैला टायगर हिल घेतल्याची बातमी आली. त्याच्या आधी शेजारच्या तोफेवरचा माझा जोडीदार शत्रूच्या गोळ्याने गेला होता. त्याचे कागद पुरे होते. माझं काही झालं असतं, तर पेन्शनसाठी तिला लग्नपत्रिका आणि फोटो घेऊन आपण बायको असल्याचं सिद्ध करत फिरावं लागलं असतं. ज्या घराची स्वप्नं मी पत्रांतून पाठवत होतो, त्यावर तिचा हक्क लावायलाच विसरलो होतो.

पुढे क्वार्टर मिळालं. तिथे एकदा धीर करून मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. कागदाचं तिने समजून घेतलं. पत्रांचं नाही. म्हणाली, “अहो, खरं लिहिलं असतंत तर आपण दोघं मिळून घाबरलो असतो. तुम्ही मला एकटीला घाबरायला लावलंत.”

आज गावातली पोरं लग्नाच्या सुट्टीवर आली की मी त्यांना सांगतो : हळद उतरायच्या आत दाखला काढा, युनिटमध्ये पोचलात की आधी क्लार्ककडे जा. आणि तिच्याशी बोलताना भीती वाटली तर वाटते म्हणा. संसार तिथूनच सुरू होतो.