नावे ठेवणारी माणसे

मराठी भाषेत नाव ठेवणे हा मंगल संस्कार आहे आणि नावे ठेवणे हा दुर्गुण आहे. एकवचनाचे अनेकवचन होताच पाळण्याभोवतीची मंडळी पारावर येऊन बसतात, असा हा मोठ्या गमतीचा वाक्प्रचार. परंतु जगात एक व्यवसाय असा आहे की, त्यात शिरलेल्या मनुष्यास जन्मभर नावे ठेवीतच बसावे लागते, आणि तीही अशा बाळांची, की जी त्या नावाला कधी ओ म्हणून द्यायची नाहीत. रानातील झाडे, झुडपे व गवते ओळखून त्यांची कुळे लावणारा वनस्पतिशास्त्रज्ञ तो हा. शेतीच्या कुळांचा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालतो हे आमच्या खानदेशात कोणास सांगावयास नको. गवतांच्या कुळांचाही तसाच चालतो, हे मात्र आम्हांस उतारवयात कळले.

कळण्याचे कारण आमची भाची. मुलगी येथे चोपड्यासच वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली, चांगल्या वर्गात झाली, आणि पुढे काय, असे विचारताच म्हणाली, "मामा, मला पुण्याला जाऊन वर्गीकरण शिकायचे आहे." तिच्या आईस वाटले, वर्गीकरण म्हणजे कचेरीतील एखादे वरच्या हुद्द्याचे काम असावे; त्यामुळे पहिले दोन दिवस घरात आनंद होता. तिसऱ्या दिवशी शब्दाचा खरा अर्थ फुटला आणि आमची ही धाकटी बहीण तडक आमच्याकडे आली. "दादा, गवताला नाव दिल्याने आजवर कोणाचे पोट भरले आहे? तुमचे ती ऐकते, तुम्हीच तिला समजवा."

समजवावयाचे तर आधी स्वतः समजून घेणे प्राप्त होते. म्हणून आम्ही भाचीचीच पुस्तके मागून घेतली आणि ओसरीवर बसून वाचू लागलो. समोर उत्तरेस सातपुड्याची निळसर रेघ, दक्षिणेस चार कोसांवर तापी, मध्ये काळ्या जमिनीत केळी आणि कापूस. या सर्व हिरव्या पसाऱ्यास दुसरे एक नाव आहे आणि ते आपणांस ठाऊक नाही, याचे प्रथम थोडे वैषम्यच वाटले. मग गोडी लागली.

स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव देण्याचा प्रघात पक्का केला. आधी गोत्र, मग व्यक्तीचे नाव. ही नावे ठेवताना त्या मंडळींनी कधी कधी जी रसिकता दाखविली आहे, ती कवींनी हेवा करावा अशी आहे. दसऱ्यास आपण ज्याचे सोने लुटतो, त्या आपट्याच्या गोत्रास बौहिनिया म्हणतात. योहान आणि कास्पार बौहिन हे सोळाव्या शतकातील दोन सख्खे भाऊ, दोघेही वनस्पतींचे मोठे जाणकार. आपट्याचे पान पाहा: दोन दले, पण देठाशी एकजीव. त्या दोन भावांचे स्मारक म्हणून हे पान कोणी निवडले असेल, त्याच्या कल्पकतेस आम्ही मनातल्या मनात एक पान सोने दिले.

केळीचे प्रकरण याहून विनोदी. लिनियसने केळीच्या नावात चक्क स्वर्गातील उद्यान आणून बसविले, मुसा पॅराडिसिआका. आमच्या तालुक्यातील केळीवाला मालमोटारी वेळेवर न आल्यास ज्या शब्दांत बोलतो, ते ऐकले म्हणजे त्यास आपल्या या स्वर्गवासाची कल्पना नसावी असे दिसते. पुढे शास्त्रज्ञांनी केळीचे गोत्र खोलात जाऊन तपासले, तेव्हा आमच्याकडील बसराई आणि ग्रँड नैन या मुसा अक्युमिनाटा नावाच्या निराळ्याच रानकेळीच्या वंशातल्या निघाल्या. स्वर्ग गेला, केळी राहिली.

परंतु खरे महाभारत झाले ते बाभळीवरून. अकेशिया हे गोत्रनाम काटा किंवा अणी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले आहे, आणि इजिप्तपासून खानदेशापर्यंत वाढणाऱ्या आपल्या बाभळीस ते शोभतही होते. तथापि या गोत्रात हजारावर जाती गोळा झाल्या होत्या. त्यांची वाटणी करणे भाग पडले, तेव्हा घराण्याचे मूळ नाव कोणी लावावयाचे हा प्रश्न उभा राहिला. ऑस्ट्रेलियाकडील शाखेची संख्या मोठी. आणि त्यांच्यातील बहुतेकांस काटा नाही! २००५ साली व्हिएन्ना येथील परिषदेत मते पडली. सुमारे ५५ टक्के मते ऑस्ट्रेलियास नाव देण्याच्या विरुद्ध होती, पण निर्णय फिरविण्यास ६० टक्के लागतात असा तेथील नियम. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. आता बिनकाट्याचे ते काटेरी नाव लावतात आणि आमच्या बांधावरची बाभूळ व्हॅचेलिया झाली. चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे राहणाऱ्या व्हॅचेल नावाच्या एका पाद्र्याच्या स्मरणार्थ. भाऊबंदकीत वडिलोपार्जित वाडा गमावलेले लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. बाभळीविषयी आमची सहानुभूती तशीच आहे. तिला मात्र त्याचे काही नाही. तिचे काटे पूर्वीइतकेच पायात मोडतात.

हे झाले नावांचे. नावे ठेवणाऱ्यांकडे वळलो तेव्हा मन अधिक गुंतले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ आजही अभ्यासकांच्या उशाशी असतो, तो लिहिणारा थिओडोर कूक हा मूळचा रेल्वेचा इंजिनिअर. वसईच्या खाडीवर पूल बांधणारा हा आयरिश गृहस्थ पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचा मुख्य झाला, १८९३ साली निवृत्त होऊन मायदेशी गेला, आणि पेन्शनीत लोक जेथे बागेत खुर्ची टाकून बसतात, तेथे याने लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहात बसून १९०१ ते १९०८ पर्यंत हा ग्रंथ सिद्ध केला. दोन वर्षांनी तो वारला. जातीजातीखाली त्याने सापडतील तेथे आपली देशी नावेही दिली आहेत. खानदेश हा शब्द त्यात आला की, परक्या शहरात आपल्या गावचा माणूस भेटावा तसे होते.

आमचे मन सर्वांत अधिक वेळ थांबले ते मात्र शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्यापाशी. हे मालवणचे; जन्म १८८४ चा. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले व शिकविले, आणि सुट्टी मिळाली की सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतून हिंडू लागले. हिंडणे झाडांसाठी होते, पण सातारा जिल्ह्यातील नद्यांच्या गोड्या पाण्यात त्यांना एक लहानसा, छत्रीसारखा पारदर्शक प्राणी तरंगताना दिसला. तशा प्राण्यांचे सगोत्र तोवर दूर आफ्रिकेत, टांगानिका सरोवरात ठाऊक होते. कलकत्त्याच्या म्युझियमचे अ‍ॅनंडेल यांनी त्यास हिंदुस्थानचे नाव देऊन त्याची नोंद केली. ज्या पाण्यात शेकडो वर्षे बायकांनी धुणी धुतली, त्याच पाण्यात पाहणाऱ्यास हे दिसले.

पुढे सर आशुतोष मुकर्जी यांनी हा मराठी तरुण कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा घोष प्राध्यापक म्हणून नेमला आणि अधिक अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले. साल १९१४! महायुद्ध भडकले, आणि इंग्रजांचे प्रजाजन म्हणून आघारकर जर्मनांचे शत्रू ठरून स्थानबद्ध झाले. ज्यांचे राज्य आपणांस नकोसे, त्यांच्याच नावाने परमुलखात अडकून पडावे, यापरता दैवाचा थट्टेखोरपणा तो कोणता? तथापि त्यांनी काळ वाया घालविला नाही. १९१९ साली त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. त्यांचा विषय आम्ही वाचला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो: वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतील वनस्पती मूळच्या कोठल्या, आणि त्यांचे बी वाऱ्याने, पाण्याने, जनावरांच्या अंगाला चिकटून कसकसे पसरले. बर्फ पडणाऱ्या शत्रूच्या शहरात बसून हा मनुष्य आपल्याकडच्या वाळवंटातल्या काटेरी झुडपांच्या प्रवासाचा हिशेब करीत होता. स्वतःच्या परतीचा प्रवास केव्हा होईल हे मात्र त्यास बराच काळ ठाऊक नव्हते.

१९२० च्या सुमारास ते परतले, आणि १९४६ पर्यंत कलकत्त्यास राहिले. निवृत्त झाल्यावर पुण्यास येऊन त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा व्याप उभारला आणि १९६० साली मृत्यू येईपर्यंत तोच ओढला. १९९२ पासून त्या संस्थेस त्यांचे नाव आहे. तेथील वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहासही आहे. कूकसारखा जाडजूड ग्रंथ त्यांच्या हातून झाला नाही, याची आम्हांस थोडी हळहळ वाटते. संस्था काढणाऱ्या विद्वानाचे स्वतःचे लिखाण मागे पडते, हा आपल्याकडचा जुनाच अनुभव आहे. पण त्यांनी कपाटे उभी केली नसती, तर पुढच्यांनी आपले कागद ठेवावयाचे कोठे?

आमच्या बहिणीस आम्ही हे सर्व सांगितले. ती म्हणाली, "ते प्रोफेसर होते, दादा. हिला कोण प्रोफेसर करणार?" हा प्रश्न पोकळ नव्हता. या विद्येच्या जागा थोड्या, आणि एखादा जुना जाणकार निवृत्त झाला की त्याची खुर्ची पुष्कळदा सूक्ष्मदर्शकवाल्या नव्या शाखांकडे जाते, असे भाचीच्या गुरुजनांनीही तिला सांगितले होते. तेव्हा आम्ही निर्णय लांबणीवर टाकला व दिवाळीनंतर एके दिवशी भाचीबरोबर वैजापूरच्या बाजूस सातपुड्यात गेलो.

सोबतीस एक वृद्ध पावरा गृहस्थ होते. मुलीच्या हाती वही, पाठीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. झाडाची फांदी फुलासकट घ्यावयाची, कागदात पसरून दाबावयाची, रोज कागद बदलून कोरडी करावयाची, आणि कोठे, केव्हा, कोणी, किती उंचीवर हे चिठ्ठीवर लिहावयाचे. असा तो सारा खटाटोप. एखाद्या जातीचे नाव ज्या पहिल्या नमुन्यावर ठेवले गेले, तो नमुना पुढच्या सर्व वादांत पुरावा ठरतो. आमच्या डोंगरांतील झाडांचे असे कितीतरी मूळ पुरावे आज क्यूच्या कपाटांत आहेत; सातबारा विलायतेत आणि जमीन येथे!

उतारावर वाळलेले रोशाचे गवत लागले. रोशेल तेल ज्याचे काढतात तेच हे. टिपूशी झालेल्या लढाईच्या दिवसांत जनरल मार्टिन याने याचे बी गोळा केले, म्हणून रॉक्सबर्गने त्याला मार्टिनचे नाव दिले. मुलीने एक काडी घेतली. खाली ओढ्याच्या ओलसर सावलीत पुन्हा तेच गवत आले, म्हणून ती पुढे चालू लागली, तो म्हातारबाबांनी तिला थांबविले. त्यांनी वरची पाने चुरगाळून तिच्या नाकाशी धरली, मग खालची. वरचीला गुलाबासारखा वास, खालचीला आल्यासारखा उग्र. दोन्ही काड्या आम्ही चष्मा लावून पाहिल्या. डोळ्यांस फरक दिसेना. भट्टीवाले पहिल्याला मोतिया म्हणतात व दुसऱ्याला सोफिया, आणि दोहोंच्या तेलाच्या किमतीत महदंतर आहे. शास्त्रज्ञांनी पुढे पेशी तपासल्या तेव्हा मोतियात २० गुणसूत्रे आणि सोफियात ४० निघाली. म्हातारबाबांनी ती नाकाने मोजली होती.

मुलगी तेथेच दगडावर बसली. त्यांना एकेक झाड दाखवून ती त्यांच्या बोलीतले नाव विचारी, आणि देवनागरीत लिहून, पुन्हा वाचून दाखवून, त्यांच्याकडून उच्चार दुरुस्त करून घेई. सायंकाळपर्यंत साठांवर नावे झाली. परतताना आम्ही त्यांना विचारले, घरात आणखी कोणास ही ठाऊक आहेत काय? त्यांनी मान हलविली. मुलगे केळीच्या बागांत मजुरीस गेले होते, नातवंडे आश्रमशाळेत. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले, असे कोणीसे आम्हांस बाजाराच्या दिवशी सांगितले.

धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवर २००३ साली पाटील यांचा आणि आमच्या जळगाव जिल्ह्यावर २००८ साली क्षीरसागर व पाटील यांचा ग्रंथ झाला आहे. खानदेशातल्याच माणसांनी खानदेशातल्या झाडांची जनगणना केली, हे आमच्या बहिणीस आम्ही ग्रंथांची नावे दाखवून सांगितले. तिच्यावर परिणाम झाला तो मात्र त्या वहीचा. साठ नावांची ती पाने तिने एका दुपारी स्वयंपाकघरात बसून सावकाश वाचली, दोन-तीन नावांपाशी थांबली, आणि म्हणाली, "ह्यातले एक माझ्या सासूबाई म्हणत असत." मग वही कोरड्या फडक्यात गुंडाळून तिने मुलीच्या पेटीत घातली. आम्हांस जे सांगावयाचे होते ते तसेच राहिले.

मुलगी आता पुण्यास आहे. पत्रांत स्वतःविषयी थोडे आणि गवताविषयी फार असते. परवाच्या पत्रात तिने अंजन मागितला आहे. फुलपाखराच्या पंखांसारखी जोडपाने असणारे, दुष्काळात गुरांना पाला आणि दोरांना साल पुरविणारे हे आमच्याकडील झाड. पण तिने चोपड्याहून नेलेल्या कागदावर नुसती पाने आहेत, फूल नाही, आणि फुलावाचून कागद पुरा होत नाही. "मामा, उशीर करू नका, ती अगदी बारीक पिवळसर असतात व लवकर गळतात," असे तिने दोनदा लिहिले आहे. पावसाने यंदा ओढ दिली आहे. आम्ही वर्तमानपत्रे जमवून ठेवली आहेत, आणि बहिणीने घरातला जुना पाटा दाबावयास काढून ठेवला आहे.