नेहमीचा पासवर्ड

घराची, कपाटाची, स्कूटरची आणि बँकेतल्या लॉकरची किल्ली एकच असती तर? सोय झाली असती खरी. पण ती एक किल्ली रिक्षात पडली, तर त्या रात्री तुम्हाला झोप लागली असती का? मोबाइलमध्ये मात्र आपल्यापैकी कितीतरी जण अशीच एक किल्ली घेऊन वावरतात. मुलाचं नाव, पुढे जन्मसाल, आणि माणूस फारच सावध असेल तर मध्ये एक 'ॲट'चं चिन्ह. ईमेल, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, साड्यांचं दुकान, सगळीकडे तोच पासवर्ड. घरात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अगं, नेहमीचाच आहे!"

या 'नेहमीचा'बद्दल आज तुमच्याशी बोलायचंय.

चोर म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी आपलं नाव-गाव काढून तर्क लढवत बसलं असेल. बहुतेक वेळा त्याला तुमची ओळखही नसते. एखाद्या वेबसाइटवरून हजारो-लाखो लोकांचे ईमेल आणि पासवर्ड चोरीला जातात, आणि मग यंत्राकरवी तीच जोडी इतर ठिकाणी लावून पाहिली जाते. 2009 साली 'रॉकयू' या अमेरिकी कंपनीकडून 3 कोटी 20 लाखांहून अधिक पासवर्ड बाहेर फुटले. कंपनीने ते जसेच्या तसे, साध्या अक्षरांत साठवून ठेवले होते. त्यात सुमारे 2 लाख 90 हजार वेळा एकच पासवर्ड होता: 123456.

म्हणजे साड्यांच्या दुकानाची वेबसाइट फुटली, तर दोष दुकानाचा. पण तोच पासवर्ड ईमेलला असेल, तर घर तुमचं उघडतं. आणि ईमेल म्हणजे तर किल्ल्यांचा अख्खा जुडगा. 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं, की नवा पासवर्ड करण्याची लिंक बहुतेक वेळा येते ती ईमेलवरच!

ही झाली एक बाजू. दुसरी मला कळली बडोद्याला, मामांच्या घरी. मामा मोठे शिस्तीचे. बिलांच्या पावत्या तारीखवार लावलेल्या आणि सगळे पासवर्ड एका निळ्या डायरीत. तीन वर्षांपूर्वी ते अचानक गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मामींनी ती डायरी आमच्यापुढे ठेवली. ईमेलपुढे लिहिलं होतं 'नेहमीचा'. फोटोंपुढे 'नेहमीचा'. वीजबिलापुढे 'नेहमीचा, पहिलं अक्षर मोठं'. नेहमीचा म्हणजे कोणता, हे सांगणारा माणूसच उरला नव्हता.

बँकेतले पैसे मामींना मिळाले, कारण खात्यावर नॉमिनी म्हणून त्यांचं नाव होतं. मृत्यूचा दाखला, अर्ज, ओळखपत्र, आणि काम झालं. तिथे पासवर्ड लागतच नाही. आणि हाताशी असला तरी गेलेल्या माणसाच्या पासवर्डने पैसे काढू नयेत. वीजबिल ग्राहक क्रमांकावर भरता आलं. अडकले ते फोटो. मामांनी काही वर्षांचे फोटो नेटवर चढवून फोन रिकामा केला होता. मामी अजून विचारतात, "ते द्वारकेचे फोटो निघाले का गं?" निघालेले नाहीत.

पासवर्ड परक्याला सापडू नये आणि वेळ आली तर आपल्या माणसाला सापडावा, अशी त्याची दोन कामं. 'नेहमीचा' दोन्हीकडे नापास.

मग करायचं काय?

आधी एक जुना समज सोडा. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदला, असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेत बिल बर यांनी 2003 साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून ही पद्धत फार पसरली. 2017 साली त्याच बर यांनी एका वृत्तपत्राला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. कारण माणसं पळवाटही सारखीच काढतात: पहिलं अक्षर मोठं, शेवटी 1, आणि बदलायची वेळ आली की त्या 1 चा 2! त्याच वर्षी निस्टनेही शिफारस बदलली. पासवर्ड फुटल्याची शंका असेल तेव्हा बदला, उगाच नको; आणि भर द्या लांबीवर.

लांबीचा हिशेब सोपा आहे. इंग्रजी लहान लिपीतली 8 अक्षरं घेतली, तर सुमारे 20,900 कोटी जुळण्या होतात. आकडा मोठा वाटतो, पण वेगवान यंत्रापुढे तो टिकत नाही. मात्र वाढवलेलं प्रत्येक अक्षर हा आकडा 26 पट करतं. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. मनाने निवडू नका, मन पुन्हा मुलांच्या नावांवरच जातं. शब्दकोश कुठेही उघडा आणि बोट ठेवा. कुरडई, बोगदा, तांब्या, सनई, वाळवी. मराठी शब्द, रोमन अक्षरांत टाइप केलेले. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं की विसरायला होत नाही. (हा नमुना इथे छापून झाला, तेव्हा तो आता कुणाच्याच कामाचा नाही.) अभंगाची किंवा गाण्याची ओळ मात्र घेऊ नका, जी आपल्याला पाठ, ती जगालाही पाठ.

असा पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, पण पाठ करायचा तो मुख्यतः ईमेलचा. फोनच्या लॉकचे आकडे वेगळे. बाकीचे फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरला सांभाळू द्या. तो लांबलचक पासवर्ड स्वतःच तयार करतो. ईमेलला दुहेरी पडताळणीही लावा.

आईचं माहेरचं आडनाव काय, असे सुरक्षा प्रश्न विचारले तर खरं उत्तर द्यायची सक्ती नसते. आपल्याकडे लग्नपत्रिकेत आजोबांपासून मामांपर्यंत सगळं घराणं छापलेलं असतं आणि ती पत्रिका चार व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेली असते!

आणि हो, ओटीपी फोनवरून कुणाला सांगितला, तर मजबूत पासवर्डही वाचवू शकत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो मागितला, की पैसे जाणार आहेत असं समजा. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा.

आता घरच्यांसाठी. मामांची डायरी ही कल्पना चुकीची नव्हती. तिच्यात लिहिलेलं अपुरं होतं. दूर कुठेतरी बसलेला चोर तुमच्या कपाटातल्या वहीपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा ईमेल, फोटो, वीज, गॅस यांचे ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड वहीत पूर्ण लिहा, खुणेने नाही. वहीचा फोटो काढू नका, कुणाला पाठवू नका. एटीएम आणि यूपीआयचे पिन त्यात लिहू नका. त्या पैशांसाठी नॉमिनीचं नाव आहे ना, तेवढं बँकेत जाऊन बघून या.

ईमेल आणि फोटोंचीही सोय करता येते. गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तुम्ही ठरवलेले 3 ते 18 महिने खातं वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसांना, जास्तीत जास्त 10 जणांना, तुम्ही निवडलेली माहिती मिळते. ॲपलच्या फोनमध्ये अशीच 'लेगसी कॉन्टॅक्ट'ची सोय आहे.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. या रविवारी फक्त ईमेलचा पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी लावा आणि वहीचं पहिलं पान लिहा. मग वही कुठे ठेवली आहे, ते घरातल्या एका माणसाला सांगा. बोलायला जरा अवघड वाटेल, घरचे म्हणतील, "काहीतरी अभद्र बोलू नकोस!" तरी सांगा.