काठीवाले सर

आमच्या कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांना हॉस्टेलमध्ये सगळे ‘काठीवाले सर’ म्हणतात. रोज संध्याकाळी लॅबच्या कोपऱ्यात ते एक काठी उभी करत बसलेले असतात. कॅंटीनच्या पायरीवर मी एकदा म्हटलं, “सर्कशीतला जोकरही नाकावर काठी उभी करतो, त्याला कुणी पीएचडी देतं का?” सगळे हसले आणि एकदम गप्प झाले. सर चहाचा ग्लास घेऊन मागेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बोलावणं. टर्मवर्क गेलं, असं धरूनच गेले. सर म्हणाले, “ही फूटपट्टी तळहातावर उभी कर.” दोन सेकंदांत पडली. मग झाडूची दांडी दिली. ती टिकली! लांब काठी सावकाश कलते, तेवढ्यात हाताला वेळ मिळतो. तीन वर्षं पोल्स घोकले, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी मशीन चालू केलं. मोटर एक आडवा दांडा फिरवते आणि त्याच्या टोकाला काठी मोकळी लोंबते. तिच्या सांध्याला मोटर नाहीच. १९९२ मध्ये तोक्योला प्रा. कात्सुहिसा फुरुता यांनी हा पेंड्युलम बनवला. एका दमात काठी वर न्यायची ताकद आमच्या मोटरमध्ये नाही. म्हणून झोक्यासारखे हेलकावे देत ऊर्जा वाढवायची, आणि काठी माथ्याजवळ आली की दुसऱ्या कंट्रोलरच्या ताब्यात द्यायची. काठी उभी राहिली. मी बोटानं ढकललं, तर सावरली.

सरांचं काम या दुसऱ्या कंट्रोलरवर, म्हणजे स्लायडिंग मोडवर. मॉस्कोच्या वादिम उत्किन यांच्या १९७७ च्या पेपरनंतर ही पद्धत जगभर गेली. एक रेषा ठरवायची. सिस्टिम रेषेच्या अलीकडे गेली की पूर्ण जोरानं तिकडे ढकलायची, पलीकडे गेली की इकडे. मोटरमधलं घर्षण नीट माहीत नसलं तरी चालतं. पण या ढकलाढकलीत मोटर सारखी किरकिरते, गिअर झिजतात. त्याला म्हणतात चॅटरिंग. मला हसूच आलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर “नो चॅटरिंग, गर्ल्स!” म्हणून ओरडायच्या आणि सर्वांत आधी माझ्याकडे बघायच्या.

“चार वर्षं ही किरकिर कमी करतोय,” सर म्हणाले. जुना प्रोग्रॅम लावला, मोटर कुरकुरली. नवा लावला, आणि कान लावून ऐकावं लागलं. पायरीवरच्या वाक्याबद्दल एक शब्द नाही. त्यानं मला जास्तच लाजल्यासारखं झालं.

सॉरी म्हणणार, एवढ्यात लाइट गेली. अंधारात काठी खाडकन खाली आली.

“आता हिला उत्किनही वाचवू शकत नाही,” सर म्हणाले. “जा, मेस बंद होईल. उद्या येणार असशील तर वही आण.”

वही आता अर्धी भरलीय. सॉरी अजून राहिलंय.